शिक्का गेमला असतो, दुकानाला नसतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. मामेभाऊ चार महिने एका ऑनलाइन कसिनोवर स्लॉट, म्हणजे चाकं फिरवून चिन्हं जुळवायचा खेळ, खेळतोय. साइटच्या तळाशी 'आरएनजी सर्टिफाइड' (यादृच्छिक आकडे देणारं यंत्र तपासलेलं) असा शिक्का आहे, परदेशातल्या एका लॅबचं नाव आहे आणि गेमच्या माहितीत आरटीपी, म्हणजे परताव्याचा टक्का, ९६.५ लिहिलंय. त्याचे दीड लाख गेले. खात्यात उरलेले अठरा हजार काढायला गेला तर साइट आज-उद्या करतेय. गेम तपासलेला असेल तर हे कसं काय? आणि हे सर्टिफिकेट देतं कोण, तपासतात तरी नक्की काय?

मी बारा वर्षं हेच काम केलं. आधी पुण्यात बसून, मग काही वर्षं माल्टात. एका टेस्टिंग लॅबच्या गणित विभागात होतो. माझ्या लग्नाचं बघत होते तेव्हा आई पाहुण्यांना 'सॉफ्टवेअरमध्ये आहे' एवढंच सांगायची. मुलगा जुगाराची मशिनं तपासतो हे कांदेपोह्यांच्या वेळी सांगण्यासारखं नव्हतं.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. शिक्का खरा असेल तर दीड लाख जाणं आणि शिक्का खरा असणं यांत काहीच विसंगती नाही. आणि अठरा हजार अडकणं याचा त्या शिक्क्याशी संबंधच नाही. वाण्याच्या काट्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का असतो ना, तसं आहे हे. शिक्का सांगतो की किलोला किलो भरतं. डाळ महाग आहे का, वाणी सुटे पैसे परत देतो का, हे काटा तपासणाऱ्याने पाहिलेलंच नसतं.

पहिल्यांदा दीड लाखांचा हिशोब करू. आरटीपी ९६.५ म्हणजे शंभर रुपये टाकले तर साडेशहाण्णव परत मिळतात, असं लोक समजतात. पण तो टक्का तुम्ही खात्यात भरलेल्या पैशांवर नसतो, लावलेल्या प्रत्येक डावावर असतो. जिंकलेले पैसे पुन्हा लावले की त्यावरही साडेतीन टक्के कापले जातात. समजा भाऊ ५० रुपयांचा डाव लावतो आणि सहा सेकंदांना एक स्पिन होतो. म्हणजे तासाला ६०० स्पिन, ३०,००० रुपयांची उलाढाल. त्याचे साडेतीन टक्के १,०५० रुपये. दीड लाख जायला साधारण १४३ तास लागतील. चार महिन्यांचे १२० दिवस धरले तर रोज तास-सव्वा तास. तो किती वेळ खेळत होता हे मला माहीत नाही, पण बसमध्ये आणि झोपताना मिळून एवढा वेळ सहज होतो. थोडक्यात, गेम अगदी प्रामाणिक असता तरी हेच घडलं असतं.

आता याच हिशोबाची दुसरी बाजू. स्लॉटमध्ये चढउतार फार असतो. एका स्पिनचा प्रमाण विचलनाचा आकडा, म्हणजे निकाल सरासरीपासून साधारण किती दूर जातो तो, डावाच्या दहा पट असणं काही विशेष नाही. तेवढा धरला तर त्या ८५,८०० स्पिनमध्ये सरासरी तोटा दीड लाख असला तरी नशिबाने आकडा दोन्हीकडे जवळजवळ तीन लाखांनी हलू शकतो. म्हणजे त्याच प्रामाणिक गेमवर कुणी सव्वा लाख जिंकून उठेल आणि कुणी सव्वाचार लाख घालवेल, आणि दोघंही शंका घेण्यासारखे नसतील. म्हणून 'माझे एवढे गेले, नक्कीच सेटिंग आहे' यावरून काही सिद्ध होत नाही आणि 'मी तर जिंकलो, साइट चांगली आहे' यावरूनही नाही. खेळणाऱ्याला स्वतःच्या अनुभवावरून गेमचा प्रामाणिकपणा कधीच मोजता येत नाही. लॅब लागते ती यासाठी.

लॅब मोजक्याच आहेत. जीएलआय ही न्यू जर्सीत १९८९ साली सुरू झालेली, आज सगळ्यांत मोठ्यांपैकी एक. तिचे जीएलआय-११ आणि ऑनलाइनसाठीचं जीएलआय-१९ हे मानकांचे दस्तऐवज अनेक देशांनी जसेच्या तसे उचललेत. बीएमएम ऑस्ट्रेलियातली, १९८१ पासूनची. आयटेक लॅब्ज मेलबर्नची. ईकोग्रा लंडनची, २००३ ची. यांना काम करायचं तर आयएसओ/आयईसी १७०२५ हे चाचणी प्रयोगशाळांचं प्रमाणन लागतं, जे सिमेंट तपासणाऱ्या प्रयोगशाळाही घेतात. वर ज्या देशाचं लायसन्स आहे तिथल्या नियामकाने त्या लॅबला मान्यता दिलेली असावी लागते. ब्रिटनमध्ये गॅम्बलिंग कमिशन आहे, माल्टात गेमिंग अथॉरिटी.

लॅबला पैसे कोण देतं? गेम बनवणारी कंपनी किंवा कसिनो. होय, ज्याची परीक्षा तोच फी भरतो. यावर मला लग्नाकार्यांत लोकांनी टोमणे मारलेत आणि ते अगदीच चुकीचे नाहीत. पण एक लक्षात घ्या, लॅबची खरी मालमत्ता म्हणजे नियामकाची मान्यता. ती गेली की दुकान बंद. आमच्याकडे 'शुक्रवारपर्यंत सर्टिफिकेट हवं, गेम लाँच आहे' असा दबाव रोज असायचा, 'नापास असला तरी पास करा' असं मात्र मला कुणी कधी म्हटलं नाही. बिघाड होतो तो घाईत, आणि तो कसा होतो ते पुढे सांगतोच, कारण एकदा तो माझ्या हातून झालाय.

तपासणीची सुरुवात आरएनजीपासून, म्हणजे यादृच्छिक आकडे देणाऱ्या यंत्रापासून. लोकांना वाटतं आम्ही लाखो आकडे काढून 'समान येतात ना' एवढं बघतो. ते तर करतोच. अमेरिकेच्या निस्ट संस्थेचा ८००-२२ नावाचा पंधरा चाचण्यांचा संच आहे, जॉर्ज मार्साग्लिया यांच्या डायहार्ड चाचण्या आहेत, त्या चालवतो. यात एक गंमत. एक टक्का पातळीवर शंभर चाचण्या चालवल्या तर उत्तम यंत्रही सरासरी एका चाचणीत नापास होणारच, नाहीतर ते यादृच्छिक कसलं? नवीन क्लायंट तो एक लाल रंगातला आकडा बघून घाबरतो आणि 'पुन्हा चालवा ना' म्हणतो. पास होईपर्यंत पुन्हा पुन्हा चालवणं हीच खरी लबाडी, म्हणून किती वेळा चालवायचं ते आम्ही सुरू करण्याआधीच लिहून ठेवतो.

पण आकडेवारीत पास होणं पुरेसं नाही. मर्सेन ट्विस्टर नावाची १९९७ ची एक प्रसिद्ध पद्धत आहे. तिचे आकडे बहुतेक चाचण्यांत छान पास होतात. मात्र तिचे ६२४ आकडे सलग आणि पूर्ण दिसले की पुढचे सगळे आकडे गणिताने सांगता येतात. सिम्युलेशनला ती उत्तम, पैशांच्या खेळाला नको. म्हणून आम्ही कोड मागतो, लायब्ररी कुठली ते बघतो, बीज कुठून येतं ते बघतो. बीज म्हणजे सुरुवातीचा आकडा, ज्यापासून पुढची सगळी मालिका उगवते.

बीज का महत्त्वाचं, याचं आमच्या धंद्यातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण १९९९ चं. प्लॅनेट पोकर ही ऑनलाइन पोकरच्या सुरुवातीच्या काळातली साइट. आमचे पत्ते किती निष्पक्षपणे पिसले जातात हे दाखवण्यासाठी पिसण्याचा कोड जाहीर केलेला होता. रिलायेबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीज या कंपनीतल्या काही मंडळींनी तो वाचला. बावन्न पत्त्यांचा कॅट किती प्रकारे लागू शकतो? ८ च्या पुढे ६७ शून्यं, साधारण तेवढ्या. पण त्या कोडमध्ये बीज होतं मध्यरात्रीपासून गेलेले मिलिसेकंद. दिवसात मिलिसेकंद असतात ८ कोटी ६४ लाख. म्हणजे कॅट फार तर तेवढ्याच प्रकारे लागणार. सर्व्हरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवलं तर शक्यता उरल्या साधारण दोन लाख. हातातले दोन आणि टेबलावरचे तीन असे पाच पत्ते दिसले की संगणक त्या दोन लाखांतून नेमका कॅट शोधून काढायचा, मग सगळ्यांच्या हातातलं आणि पुढे येणारं सगळं उघडं. दुरुस्ती झाली, पण आरएनजीचा कोड बाहेरच्या माणसाने वाचलाच पाहिजे हे त्यानंतर कुणाला पटवून द्यावं लागलं नाही.

आरएनजी चांगला असला तरी त्याचा आकडा खेळात बसवताना घोटाळा होतो. मला हा प्रकार सगळ्यांत आवडतो, कारण तो कागदावर पकडता येतो. समजा आरएनजी ० ते २५५ मधला आकडा देतो आणि आपल्याला युरोपियन रुलेटचे ३७ घर हवेत, ० ते ३६. नवशिका प्रोग्रामर काय करतो? ३७ ने भागतो आणि बाकी घेतो. सोपं. पण २५६ ला ३७ ने पूर्ण भाग जात नाही, बाकी ३४ उरते. त्यामुळे ० ते ३३ ही घरं प्रत्येकी ७ आकड्यांतून येतात आणि ३४, ३५, ३६ ही तीन घरं फक्त ६ आकड्यांतून. आता एका घरावर पैसे लावले की ३६ पट परत. खऱ्या चक्रावर परतावा ३६ भागिले ३७, म्हणजे ९७.३ टक्के. या बिघडलेल्या चक्रावर १७ वर लावणाऱ्याला मिळतात ९८.४ टक्के आणि ३६ वर लावणाऱ्याला ८४.४ टक्के. डोळ्यांनी बघून कुणालाही कळणार नाही. उपाय अगदी साधा: २२२ किंवा त्याहून मोठा आकडा आला तर तो फेकून द्यायचा आणि दुसरा काढायचा. प्रत्यक्षात आरएनजी ३२ किंवा ६४ बिटांचे असतात, तेव्हा फरक अगदी सूक्ष्म होतो, तरी आम्ही तो काढायला लावतोच. पत्ते पिसण्यातही असंच. प्रत्येक पत्ता कुठल्याही पत्त्याशी बदलायचा ही पद्धत बरोबर वाटते, पण तीन पत्त्यांवर करून बघा. वाटा होतात २७ आणि मांडण्या ६. सत्तावीस सहांत समान वाटले जात नाहीत, म्हणजे काही मांडण्या जास्त वेळा येणारच. बरोबर पद्धत फिशर-येट्सची, ज्यात जागेवर बसलेल्या पत्त्याला पुन्हा हात लावत नाहीत.

मग येतं गेमचं गणित. प्रत्येक स्लॉटसोबत एक पार शीट येतं. कुठल्या रीलवर (फिरणाऱ्या चाकावर) कुठलं चिन्ह किती वेळा, कशाला किती पैसे, बोनस किती वेळा लागतो, सगळं त्यात. तीन रील, प्रत्येकी २० जागा, म्हणजे ८,००० जुळण्या. प्रत्येक रीलवर सात हे चिन्ह एकदाच असेल आणि तीन सातांना हजार पट मिळत असतील तर एवढ्या एकाच बक्षिसातून आरटीपीचे साडेबारा टक्के येतात. म्हणून एका रीलवर एक चिन्ह इकडचं तिकडे झालं तरी आकडा हलतो. आम्ही आधी कागदावर स्वतंत्रपणे आरटीपी काढतो, मग गेमचा खरा कोड घेऊन कोट्यवधी स्पिन चालवतो आणि दोन्ही जुळतात का बघतो. न जुळल्यास नव्वद टक्के वेळा चूक कंपनीच्या पार शीटमध्ये असते आणि दहा टक्के वेळा माझ्या. हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे आणि स्वतःच्या बाजूने थोडा झुकलेला असण्याची दाट शक्यता आहे.

माझी चूक सांगतो म्हटलं होतं. पंचवीस लाइनचा, म्हणजे पंचवीस ओळींत चिन्हं जुळू शकतात असा, एक स्लॉट होता. आम्ही तो एक युनिटच्या डावावर तपासला, म्हणजे लाइनला ०.०४. सगळं चोख. किमान डाव ०.२० चा होता, म्हणजे लाइनला ०.००८. सगळ्यांत छोटं बक्षीस लाइनच्या दुप्पट, ०.०१६. आणि कोड दोन दशांशांनंतरचं सगळं छाटत होता, म्हणून खेळणाऱ्याला मिळायचे ०.०१. छोटी बक्षिसं सतत लागतात, त्यामुळे किमान डावावरचा परतावा चांगलाच घसरला होता. सगळ्यांत गरीब डाव लावणाराच कापला जात होता. प्रत्येक डावाच्या पातळीवर सिम्युलेशन चालवायला हवं होतं आणि मी घाईत एकाच पातळीवर चालवलं. गेम बाजारात गेल्यावर काही आठवड्यांनी कसिनोच्या परतावा-नोंदींत ते उघड झालं. गेम काढून घेतला, लोकांचे पैसे परत गेले, आणि मी तीन पानी खुलासा लिहिला. त्या दिवसापासून किमान, कमाल आणि मधले दोन, असे चार डाव चालवल्याशिवाय मी सही केली नाही.

चाचणीचा काही भाग गणिताचा नसतोच. टेस्टर स्पिन दाबतो आणि चाकं फिरत असताना नेटची केबल काढतो. पुन्हा जोडल्यावर तोच निकाल, तेच पैसे दिसले पाहिजेत. फ्री स्पिनच्या मध्यात फोनची बॅटरी संपली तर? दोन खिडक्यांत एकाच वेळी डाव लावला तर? जॅकपॉट दहा कोटीत एकदा लागत असेल तर तो लागल्यावर स्क्रीनवर काय दिसतं हे बघायला कंपनी एक खास साधन देते, ज्यातून हवा तो निकाल मुद्दाम पाडता येतो. आम्ही त्याला गॅफ म्हणतो. आणि बाजारात जाणाऱ्या प्रतीत तो गॅफ शिल्लक राहिलेला नाही ना, हे बघणं हाही तपासणीचाच भाग.

मग वागणुकीचे नियम. ब्रिटनच्या तांत्रिक मानकांत लिहिलंय की गेमने आधीच्या निकालांवरून पुढची शक्यता बदलायची नाही. 'मशीन तापलंय, आता देणार' हे तिथल्या ऑनलाइन स्लॉटला लागूच होत नाही. गंमत अशी की त्याच ब्रिटनमध्ये पबमधल्या काही जुन्या पद्धतीच्या फ्रूट मशीनना शक्यता जुळवून घ्यायची परवानगी आहे, तसं मशीनवर लिहिलेलं असतं. खऱ्या वस्तूची नक्कल असेल, फासा किंवा रुलेटचं चक्र, तर शक्यता त्या खऱ्या वस्तूसारखीच हवी. हरलेला निकाल ठरल्यावर तो बदलून 'अरे, थोडक्यात हुकलं' असा देखावा करायला बंदी. ऑक्टोबर २०२१ पासून तिथे स्लॉटचा स्पिन अडीच सेकंदांपेक्षा लवकर संपवता येत नाही, आपोआप खेळण्याचं बटण बंद आहे, आणि एक पौंड लावून चाळीस पेन्स आले तर त्यावर नगारे वाजवायला मनाई आहे. एप्रिल २०२५ पासून ऑनलाइन स्लॉटवर एका डावाला पाच पौंडांची मर्यादा आहे आणि त्या वर्षीच्या मे महिन्यापासून १८ ते २४ वयाच्या लोकांना दोन पौंडांची. तुमच्या भावाच्या साइटवर चाळीस पैशांनाही फटाके फुटत असतील तर ती निदान ब्रिटनच्या नियमांवर चालत नाही एवढं नक्की.

हे सगळं झालं की सर्टिफिकेट निघतं. ते नीट वाचलं तर त्यात गेमचं नाव, आवृत्तीचा क्रमांक, कुठल्या देशाच्या कुठल्या मानकाला धरून तपासलं, तारीख आणि महत्त्वाच्या फायलींचे हॅश असतात. हॅश म्हणजे फाइलीचा अंगठा. शा-२५६ ने काढला तर चौसष्ट अक्षरांचा, आणि फाइलीत एक स्वल्पविराम बदलला तरी पूर्ण वेगळा. सर्टिफिकेट त्या अंगठ्यापुरतं. फाइल बदलली की ते त्या फाइलीला लागू राहत नाही.

आणि इथेच बहुतेकांना माहीत नसलेली एक गोष्ट आहे. एकाच स्लॉटच्या कितीतरी आवृत्त्या असतात. दिसायला एकच, तीच चित्रं, तेच संगीत, पण आरटीपी एकीत ९६, दुसरीत ९४, तिसरीत आणखी खाली. सगळ्या तपासलेल्या, सगळ्या प्रामाणिक. कुठली लावायची ते कसिनो ठरवतो. ९६.५ हा आकडा भावाने त्या साइटवरच्या गेमच्या आतल्या नियमांच्या पानावर वाचला की कुठल्या तरी स्लॉट-परीक्षणाच्या साइटवर, यावर सगळं अवलंबून आहे. साडेतीनऐवजी साडेसात टक्के कापले जात असतील तर १४३ तासांऐवजी दीड लाख जायला साधारण ६७ तास पुरतात.

सर्टिफिकेटच्या बाहेर काय राहतं? सगळ्यांत मोठं म्हणजे आतली माणसं. २००७ साली अॅब्सोल्यूट पोकर या साइटवर एक खेळाडू इतका अचूक खेळत होता की त्याच्या जिंकण्याचं प्रमाण नशिबात बसतच नव्हतं. एका तक्रारदाराला कंपनीने चुकून पाठवलेल्या फाइलीत टेबलावरच्या सगळ्यांचे पत्ते आणि बघ्या म्हणून बसलेल्या एका खात्याची नोंद निघाली. आतल्या माणसाला सगळ्यांचे पत्ते दिसत होते. पत्ते पिसण्यात दोष नव्हता. पुढच्या वर्षी अल्टिमेटबेट या साइटवरही तसंच उघड झालं. आणि तपासणाऱ्यांनी फार तोऱ्यात राहू नये यासाठी रॉन हॅरिसचं नाव पुरेसं आहे. तो नेवाडाच्या गेमिंग कंट्रोल बोर्डात मशिनं तपासणारा तंत्रज्ञ होता. केनो या आकडे ओळखायच्या खेळाच्या आरएनजीचा कोड त्याला कामातूनच माहीत. १९९५ साली अटलांटिक सिटीतल्या हॉटेलच्या खोलीत संगणक घेऊन बसला, पुढचे आकडे काढले, साथीदाराने खाली एक लाख डॉलर जिंकले आणि दोघे पकडले गेले. म्हणून आता मोठ्या लॅबमध्ये एकाच माणसाला पूर्ण कोड आणि अंतिम सही दोन्ही मिळू देत नाहीत.

क्रिप्टोवाल्या साइट 'प्रूव्हेबली फेअर' (निष्पक्ष आहे हे तुम्हीच तपासा) म्हणतात त्याबद्दलही विचारतात. कल्पना चांगली आहे. सर्व्हर आपलं गुप्त बीज ठरवतो आणि त्याचा हॅश तुम्हाला आधीच देतो. तुम्ही तुमचं बीज टाकता, दोन्ही आणि डावाचा क्रमांक मिळून निकाल निघतो. नंतर सर्व्हर बीज उघड करतो, तुम्ही हॅश काढून जुळवता. म्हणजे निकाल तुमचा डाव बघून बदलला नाही हे कळतं. जुन्या मुंबईत मटक्याचे पत्ते लोकांसमोर काढायचे, त्यातली कल्पना हीच: निकाल लपून ठरलेला नाही. पण यातून घराचा वाटा किती, साइट पैसे देईल का, यातलं काही कळत नाही. विमान उडतं आणि कधीतरी फुटतं त्या गेमचा 'प्रेडिक्टर' म्हणून टेलिग्रामवर जे अॅप विकतात ती शंभर टक्के फसवणूक. बीज गुप्त असताना आधी निकाल सांगता येत असता तर तो विकणारा तुम्हाला पाचशे रुपयांना कशाला विकेल?

आता तुमच्या भावाच्या साइटकडे येतो. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, पुरवण्यावर त्यात बंदी आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड अशी तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्याआधी आपल्या रमीच्या अॅपवाल्यांकडेही परदेशी लॅबची आरएनजी सर्टिफिकेट असायची आणि बरीचशी खरी होती, मी ओळखतो त्यातले काही लोक. गोव्यात मांडवीवरच्या बोटींना जे परवाने आहेत ते तिथे प्रत्यक्ष जाऊन खेळण्याचे. त्यावरून कुणाला मोबाइलवर रुलेट चालवता येत नाही, पणजीचं नाव टाकून जाहिरात केली तरी.

म्हणजे ती साइट बाहेरची. तळाशी लायसन्स कुठलं लिहिलंय ते बघा. कुरासाओ असेल तर तिथे अनेक वर्षं चार मुख्य परवानाधारक आणि त्यांच्याखाली उपपरवाने अशी ढिली व्यवस्था होती, डिसेंबर २०२४ मध्ये नवा कायदा आला. मग शिक्क्यावर क्लिक करा. खरा शिक्का लॅबच्या किंवा नियामकाच्या स्वतःच्या साइटवरच्या पानावर जातो आणि तिथे याच डोमेनचं नाव असतं. नुसतं चित्र असेल, क्लिक केल्यावर काहीच होत नसेल किंवा त्याच साइटवरची पीडीएफ उघडत असेल तर ते रांगोळीचा ठिपका समजा. पीडीएफ असली तर त्यात कंपनीचं नाव कुणाचं आहे ते वाचा. शंभरात नव्वद वेळा ते गेम बनवणाऱ्याचं असतं, साइटचं नसतंच. शेवटी, संगणकावर गेम उघडून ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये गेमची खिडकी कुठल्या पत्त्यावरून येते ते बघा. नामांकित कंपनीचा गेम तिच्या किंवा तिच्या वितरकाच्या सर्व्हरवरून येतो. कसिनोच्याच कुठल्यातरी विचित्र पत्त्यावरून येत असेल तर ती चोरलेली नक्कल असण्याची शक्यता मोठी, आणि नकलेवर कुठलंही गणित बसवता येतं.

अठरा हजारांसाठी लॅबला मेल लिहू नका. ते सभ्यपणे कळवतील की हा आमचा विषय नाही, आणि ते खरंच आहे. साइट 'पैसे काढण्याआधी टॅक्स भरा' किंवा 'व्हेरिफिकेशन डिपॉझिट भरा' असं म्हणत असेल तर एक रुपयाही भरायचा नाही, कारण तो मागण्याचा एकच अर्थ असतो. पैसे ज्या यूपीआय आयडीवर आणि ज्या खात्यांत भरले त्यांची नावं, तारखा आणि व्यवहार क्रमांक एका कागदावर लिहून काढा. दर वेळी वेगळ्याच माणसाच्या नावाचं खातं निघालं तर मला आश्चर्य वाटणार नाही. चॅटचे स्क्रीनशॉट आजच घ्या, खातं ब्लॉक झालं की तेही दिसणार नाहीत. मग १९३० वर फोन करा, राष्ट्रीय सायबरक्राईम पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि बँकेला लेखी कळवा. शेवटचा व्यवहार जितका ताजा तितकी समोरचं खातं गोठवण्याची शक्यता जास्त, त्यामुळे शिक्का खरा की खोटा हे शोधण्यात आजची संध्याकाळ घालवण्यापेक्षा आधी तो फोन करा.